कुठलं बोट?

हाताचं दुखणं घेऊन येणारी माणसं अख्खा हात पुढे करतात. खांद्यापासून बोटांपर्यंत दुसरा हात फिरवतात आणि म्हणतात, "हे सगळंच दुखतंय बगा मॅडम, रात्री झोपू देईना." मी विचारते, "कुठलं बोट?" बहुतेकांना हा प्रश्न विचित्र वाटतो. सगळा हात दुखतोय म्हटल्यावर ही बाई बोटं काय मोजत बसलीय?

मी सोलापूरच्या पूर्व भागात फिजिओथेरपी करते. माझ्याकडे येतात त्या विड्या वळणाऱ्या बायका, यंत्रमागावरचे कामगार, कांड्या भरणाऱ्या, कडक भाकऱ्या थापणाऱ्या. या शहराचं पोट बऱ्याच अंशी मनगटाच्या खालच्या भागावर चालतं. म्हणूनच हाताबद्दल इथल्या प्रत्येकाला थोडं तरी नीट ठाऊक असावं असं मला मनापासून वाटतं. डॉक्टर व्हायची गरज नाही. दुखणं नेमकं कुठे आहे, एवढं ओळखता आलं तरी बरेच हात वाचतील.

तर बोटांकडे येते. विडी वळणारी एखादी अक्का सांगते की रात्री दोन-तीनला जाग येते, हात बधिर झालेला असतो, मुंग्या येतात, उठून हात झटकला की बरं वाटतं. कुठली बोटं, तर "सगळीच." मी तिला सांगते, आज रात्री जाग आली की झटकायच्या आधी एकेक बोट चाचपून बघा. दुसऱ्या वेळी ती ठाम उत्तर घेऊन येते: अंगठा, त्याच्या शेजारची दोन बोटं, आणि चौथं निम्मं. करंगळी मोकळी. "निम्मं" हे ती स्वतःहून सांगते. मला या गोष्टीचं दर वेळी नवल वाटतं, कारण शरीररचनाशास्त्राच्या पुस्तकातही तसंच लिहिलेलं असतं. अनामिकेची अंगठ्याकडची बाजू एका नर्व्हची, म्हणजे मज्जातंतूची, करंगळीकडची दुसरीची.

पहिली ती मीडियन नर्व्ह. मनगटाच्या पुढच्या बाजूला, तळहात सुरू होतो तिथे एक अरुंद बोगदा आहे. खाली आणि बाजूंना मनगटाची छोटी हाडं, वर एक जाड, न ताणला जाणारा पट्टा. त्यातून बोटं आणि अंगठा वाकवणारे 9 टेंडन, म्हणजे स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या दोऱ्या, जातात आणि त्यांच्यासोबत ही एकटी नर्व्ह. टेंडनभोवतीचं आवरण थोडं जरी सुजलं तरी जागा पुरत नाही, आणि दाबली जाते ती नर्व्ह. झोपेत आपण मनगट मुडपून ठेवतो, तेव्हा बोगदा आणखी आवळतो. म्हणून त्रास रात्रीचा. यालाच कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतात. बायकांना जास्त होतो. गरोदरपणात, थायरॉइड कमी असेल तर, शुगर असेल तर आणखी जास्त.

सुरुवातीला उपाय साधा आहे. रात्री मनगट सरळ ठेवणारी पट्टी बांधून झोपायचं, दिवसा कामात थांबे घ्यायचे, शुगर-थायरॉइड तपासून घ्यायचं. पण वर्षानुवर्षं झटकत राहिलं तर अंगठ्याच्या बुडाची मांसल उशी झिजून सपाट होते. दोन्ही तळहात शेजारी ठेवले की फरक दिसतो. तिथवर गेलेल्या हाताला ऑपरेशनने पट्टा मोकळा करून दिला तर मुंग्या थांबतात, पण झिजलेला स्नायू पूर्ण भरून येईलच असं नाही. अंगठा बाकीच्या बोटांसमोर आणायची ताकद त्या उशीत असते. विडीचं पान चिमटीत धरायचं ते त्याच ताकदीवर.

आणि बधिरपणा करंगळीत असेल तर गोष्ट मनगटाची नाही, बहुधा कोपराची. कोपराच्या आतल्या बाजूला, जिथे आपटलं की झिणझिणी थेट करंगळीपर्यंत जाते, तिथे अल्नर नर्व्ह हाडाला लागून, जवळजवळ कातडीखालीच असते. कोपर दुमडून उशीखाली हात घेऊन झोपणारे, बाकावर कोपर टेकून तासन् तास बसणारे यांना ती त्रास देते. तिसरी रेडियल नर्व्ह दंडाच्या हाडाला मागून वळसा घालून येते. खुर्चीच्या पाठीवर दंड टाकून गाढ झोपलेला माणूस सकाळी उठतो आणि मनगट वर उचलता येत नाही, पंजा लोंबकळतो. घरचे लकवा समजून घाबरतात. नुसत्या दाबाने झालं असेल तर बहुतेक वेळा काही आठवड्यांत ते बरं होतं. मात्र चेहरा वाकडा झाला असेल, बोलणं अडखळत असेल किंवा त्याच बाजूचा पायही गेला असेल, तर वाट बघायची नाही, थेट मोठं हॉस्पिटल. मुंग्या मानेपासून दंडावरून खाली उतरत असतील तर मूळ मानेच्या मणक्यात शोधावं लागतं. म्हणजे "हात बधिर होतोय" या एका वाक्यामागे निदान चार वेगळ्या जागा निघतात, आणि त्या वेगळ्या करायला आधी लागते ती पेशंटने दिलेली बोटांची नावं.

विडीचं काम ज्यांनी जवळून बघितलं नाही त्यांना ते बसून करायचं हलकं काम वाटतं. मांडीवर सूप, भिजवलेली तेंदूची पानं, कात्रीने मापात कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, टोकं मुडपायची, दोरा बांधायचा. मजुरी मोजतात ती हजार विड्यांवर. प्रत्येक विडीला कात्री, चिमटी, वळण, गाठ. बोटांच्या आत बोटं वाकवणारे स्नायू नसतातच. ते कोपराखालच्या हातात असतात आणि लांब टेंडनांनी बोटं ओढतात. विडीच्या त्या बारीक हालचालीने थकतो तो पुढचा हात, म्हणूनच संध्याकाळी "इथं गोळा आल्यासारखं" असं म्हणत बायका कोपराखाली दाबत बसतात.

अंगठ्याच्या बाजूने मनगटावर दुखतं ते वेगळं. अंगठा मुठीत घालून मूठ करंगळीकडे वाकवा. कळ आली तर दोन टेंडन ज्या नळीतून जातात ती नळी सुजलेली आहे. स्विस सर्जन फ्रिट्झ द क्वेर्व्हें यांनी 1895 साली याचं वर्णन केलं, त्यांच्याच नावाने ते ओळखलं जातं. विडीवाल्यांइतकंच ते बाळंतिणींना होतं, कारण बाळाला काखेत अंगठे घालून उचलायची त्यांची सवय. बाळ उचलताना तळवे वर करून, ओंजळीत घेतल्यासारखं उचला असं मी सांगते. सासूबाई सोबत आल्या असतील तर त्यांनाही करून दाखवते, कारण घरी शेवटी त्यांच्या पद्धतीनेच उचललं जातं.

कडक भाकरीवाल्या बायकांचा कोपर दुखतो, तोही बाहेरच्या बाजूचा. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीचं पीठ मळायचं, थापायचं, तवा उचलायचा, आणि ऑर्डर असेल तर हे सकाळपासून दुपारपर्यंत. मनगट वर उचलणारे स्नायू कोपराच्या बाहेरच्या उंचवट्याला चिकटलेले असतात. ओझं त्यांच्या झेपेच्या पलीकडे रोज पडत राहिलं की तिथलं टेंडन खराब होत जातं. नाव टेनिस एल्बो. सोलापुरात टेनिसमुळे तो झालेला पेशंट माझ्याकडे क्वचितच येतो. ज्या कामात मूठ आवळून मनगटावर जोर येतो ते कुठलंही काम पुरतं, कपडे पिळणंसुद्धा. चहाचा कप उचलतानाही कळ येते.

इथे माझं एक ठाम मत आहे. स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलं की आठवड्याभरात जादू झाल्यासारखं वाटतं, म्हणून बायका तेच मागतात. पण अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलंय की वर्षभराने बघितलं तर इंजेक्शन घेतलेल्यांचं दुखणं उलटायचं प्रमाण जास्त असतं. टेंडनला हळूहळू वाढत्या ओझ्याचा व्यायाम लागतो. पाण्याची अर्धा लिटरची बाटली हातात घ्या, तळवा जमिनीकडे, हात टेबलावर टेकलेला, मनगट काठाबाहेर. हळू वर, त्याहून हळू खाली. थोडं दुखलं तरी चालेल, दुसऱ्या दिवशी वाढलेलं नको. आणि घरातलं कुठलंही भांडं तळवा वर ठेवून उचला, म्हणजे ओझं दुसऱ्या स्नायूंवर जातं. याला महिने लागतात. महिने लागतात हे मी पहिल्याच दिवशी सांगते, कारण न सांगितलं तर पंधरा दिवसांत त्या इंजेक्शनकडे वळतात.

खांद्याबद्दल लिहायला बसलं तर हा लेख संपणारच नाही. अख्खा हात धडाला हाडाने जोडलेला आहे तो फक्त एका जागी, गळ्याखाली, हासळी (कॉलरबोन) छातीच्या हाडाला मिळते तिथे. बाकी सगळं स्नायूंवर तोललेलं. खवाट्याची, म्हणजे खांद्यामागच्या चपट्या हाडाची, खोबण इतकी उथळ की दंडाच्या हाडाच्या गोल डोक्याचा थोडाच भाग तिच्यात बसतो. म्हणूनच हात डोक्यावर, पाठीमागे, सगळीकडे जातो. आणि म्हणूनच शरीरातल्या मोठ्या सांध्यांमध्ये सर्वांत जास्त निखळतो तोही हाच, बहुतेक वेळा पुढच्या बाजूला. त्याला जागेवर धरून ठेवतात ते भोवतीचे चार स्नायू, रोटेटर कफ. जानेवारीत सिद्धेश्वरांच्या यात्रेत बाराबंदी घातलेले भक्त उंच नंदीध्वज तोलून चालतात, तेव्हा सगळे ध्वजाकडे बघतात आणि माझं लक्ष मात्र खांद्यांकडे जातं. यात्रेआधी जो सराव चालतो त्याचं महत्त्व मला इथे कळतं. वर्षभर दुकानात बसलेला खांदा अचानक अशा ओझ्याखाली गेला तर त्या चार स्नायूंपैकी वरचा, सुप्रास्पायनेटस, आधी तक्रार करतो.

पन्नाशीच्या आसपासचा माणूस खांदा धरून आला की मी दोन गोष्टी बघते. त्याला हात वर करायला सांगते, आणि मग स्वतः त्याचा हात धरून वर नेते. त्याला जमलं नाही पण मी नेला तर गेला, म्हणजे सांधा मोकळा आहे आणि कफ दुबळा किंवा फाटलेला. मी नेतानाही अडला, आणि विशेषतः कोपर कुशीला लावून हात बाहेर वळवताना अडला, तर बहुधा फ्रोझन शोल्डर. मग पुढचा प्रश्न शुगरचा. मधुमेह्यांमध्ये खांदा आखडण्याचं प्रमाण इतरांपेक्षा खूप जास्त असतं, आणि खांद्यासाठी आलेल्या माणसाला शुगर असल्याचं पहिल्यांदा कळतं असंही होतं. हा खांदा आधी महिनोन् महिने दुखतो, मग दुखणं कमी होऊन नुसता आखडतो, मग हळूहळू सुटतो. एक ते तीन वर्षं. आखडलेला हात कुणाकडूनतरी जोर लावून "मोकळा करून" घ्यायचा नाही. दुखणाऱ्या काळात तर अजिबात नाही.

आता मुलांचं. इथे माझा आवाज चढतो, तो चढू द्या.

पाच ते सात वर्षांचं मूल झाडावरून, गच्चीच्या पायरीवरून पडतं. पडताना हात पुढे टेकवतं. कोपराच्या वर दंडाचं हाड चपटं आणि पातळ झालेलं असतं, तिथे ते मोडतं. त्या मोडलेल्या टोकाच्या अगदी पुढून हाताची मुख्य रक्तवाहिनी आणि मीडियन नर्व्ह जाते. कोपर भराभर सुजतो. अशा वेळी मूल हाडं बसवणाऱ्याकडे नेलं जातं, तेल चोळलं जातं, बांबूच्या कामट्या लावून घट्ट पट्टी आवळली जाते. सूज वाढतेय, पट्टी हलत नाही, आतला दाब वाढत जातो आणि स्नायूंपर्यंत रक्त पोचत नाही. सहा-आठ तास असे गेले की स्नायू मरायला लागतात. मेलेला स्नायू आकसून दोरीसारखा होतो आणि बोटं कायमची आत ओढली जातात. रिचर्ड फोन फोल्कमान या जर्मन सर्जनने 1881 मध्ये हे लिहून ठेवलं. मी ते पुस्तकात वाचलं होतं, आणि मग अक्कलकोटच्या बाजूच्या एका खेड्यातून आलेल्या मुलाच्या हातात बघितलं. मनगट वाकवलं की बोटं जराशी उघडायची, सरळ केलं की परत मिटायची. चिंचेवरून पडला होता. रात्रभर रडला म्हणून आईने पट्टी सैल करायला सांगितली, तर "हाड बसताना दुखतंच" असं उत्तर मिळालं.

हाड बसताना दुखतं हे खरं नाही, निदान असं नाही. नीट आधार दिलेल्या मोडलेल्या हाताचं दुखणं कमी होत जायला हवं. पट्टी असो की हॉस्पिटलचं प्लास्टर, नंतर दुखणं वाढत गेलं, बोटं सरळ करायला गेलं की मूल किंचाळलं, बोटं गार, फिकट किंवा बधिर पडली, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी निघायचं. पट्टी तिथल्या तिथे सैल करायची. मनगटाची नाडी लागतेय म्हणून थांबायचं नाही, कारण दाब वाढलेला असतानाही ती लागू शकते. पडलेल्या मुलाचा कोपर सुजला असेल तर आधी एक्स-रे, चोळणं कधीच नाही. शेजारच्या आजी ऐकणार नाहीत, तरी नाही.

लहानग्यांचं एक सोपं दुखणंही सांगते. दोन-तीन वर्षांच्या मुलाला रस्ता ओलांडताना मनगटाला धरून झटक्यात ओढलं, किंवा दोन्ही हातांना धरून झुलवलं, की कोपरापाशी रेडियस हाडाचं डोकं त्याच्याभोवतीच्या कड्यासारख्या बंधातून किंचित सरकतं. मूल हात लोंबता ठेवतं, वापरत नाही, सूज मात्र नसते. जाणकार डॉक्टर क्षणात ते बसवतात आणि थोड्या वेळाने मूल त्याच हाताने बिस्किट घेतं. मुलांना दंडाला किंवा काखेत धरून उचलावं, मनगटाला धरून नाही.

मोटरसायकलवरून पडलेल्या तरुणांमध्ये हासळी मोडते, बहुतेक वेळा मधल्या भागात, आणि बऱ्याचदा झोळीत हात ठेवून जुळते. त्याबद्दल फार लिहीत नाही. पण मनगटातलं स्कॅफॉइड हे काजूएवढं हाड फसवं असतं. तळहातावर पडल्यावर अंगठा ताणला की त्याच्या बुडाशी जो खळगा दिसतो, त्यात दाबून दुखत असेल तर पहिला एक्स-रे स्वच्छ आला तरी हाताला आधार देऊन दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा तपासायचं. या हाडाला रक्त बोटांकडच्या टोकाने येतं आणि उलटं कोपराकडे जातं. मध्ये मोड पडली की मागच्या तुकड्याचा पुरवठा तुटतो, तो जुळत नाही, कधी मरतो. "मुरगळलं होतं, बरं झालं" म्हणणारी पोरं तिशीत मनगट घेऊन येतात. साठीच्या बायकांचं उलट. त्या न्हाणीत घसरतात, हात टेकतात, मनगट काट्याच्या चमच्यासारखं वाकतं, आणि ते कुणालाही दिसतं. डब्लिनच्या अब्राहम कोलिस यांनी 1814 मध्ये, एक्स-रे निघायच्या 81 वर्षं आधी, नुसत्या डोळ्यांनी आणि हातांनी ही मोड ओळखली. ती जुळते. मात्र प्लास्टरमध्ये असताना बोटं आणि खांदा हलवत राहिलं नाही, तर हाड जुळतं आणि हात आखडतो. आणि एवढ्याशा पडण्याने हाड मोडलं म्हणजे हाडं ठिसूळ झालीत, तीही तपासणी करून घ्यायची.

शेवटी यंत्रमागाकडचं, कारण तिथे वेळ मिनिटांत मोजावी लागते. पट्ट्यात, गिअरमध्ये बोट जातं. तुटलेलं बोट लोक थेट बर्फात टाकतात, नाहीतर हळद लावतात. दोन्ही नको. बोट स्वच्छ पाण्याने अलगद धुवायचं, ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळायचं, प्लास्टिकच्या पिशवीत घालून पिशवीचं तोंड घट्ट बंद करायचं आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवायची. बर्फ बोटाला थेट लागला तर पेशी मरतात. जखमेवर जाड कापड दाबून हात उंच धरायचा, सुतळीने आवळायचं नाही. असं थंड ठेवलेलं बोट बारा तास, कधी त्याहून जास्तही टिकतं, म्हणजे पुण्याला न्यावं लागलं तरी वेळ असतो.

नुसता काप गेला असेल, पतंगाच्या मांजाने, काचेने किंवा पात्याने, तर टाके घालून घ्यायच्या आधी एक गोष्ट बघून घ्या. प्रत्येक बोटाला वाकवणारे दोन टेंडन असतात, एक मधल्या पेरापर्यंत, दुसरं टोकापर्यंत. बोटाचं मधलं पेर धरून नुसतं टोक वाकवायला सांगा. वाकलं नाही तर आतलं टेंडन तुटलंय, वरून कातडी शिवून ते जुळणार नाही. पहिल्या काही दिवसांत हाताच्या सर्जनने जोडलं तर बोट परत चांगलं चालू शकतं. महिन्याभराने तुटलेलं टोक तळहातात आत ओढलं गेलेलं असतं आणि काम कितीतरी अवघड होतं.

जोडल्यानंतर माझी पाळी येते. ऑपरेशननंतर काही दिवसांतच स्प्लिंटमध्ये, म्हणजे आधाराच्या साच्यात, राहून बोट ठरावीक पद्धतीने हलवायला लागतं. हलवलं नाही तर टेंडन आजूबाजूला चिकटतं, जोर लावला तर तुटतं. पूर्ण जोर लावायला साधारण 12 आठवडे. माणूस पहिल्या दिवशीच विचारतो, मागावर कधी जाऊ? घरात त्याच्याच पगारावर चालतं हे मलाही माहीत असतं. म्हणून आता मी चिठ्ठी मालकाच्या नावाने लिहिते: 12 आठवडे या हाताने बीम उचलायला लावू नये, चालू मागावर हात घालू नये, आठ आठवड्यांनंतर आणि तेही मी तपासून सांगितल्यावर, घड्या घालणं, लेबलं लावणं असं हलकं काम द्यावं. काही मालक चिठ्ठी वाचून फोन करतात, विचारतात, लेबलं लावायला उजवा चालेल का डावा. मी म्हणते, आधी डाव्याने सुरू करू द्या, उजव्याचं मी कळवते.